जुन्या शैलीतील घर आणि बाग: वास्तुकलेच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षात आहे. चार्ल्स प्लॅट या अमेरिकी वास्तुविशारदाप्रमाणे जुन्या शैलींच्या आधारे घर आणि त्याभोवतीची बाग एकत्रच रचण्याचे काम तिला करायचे आहे. मात्र ‘ही तर नक्कल’ असा शेरा मिळाल्याने ती खचली आहे, असे आपण कळवले आहे. या कामावर चरितार्थ चालेल का, असेही आपण विचारले आहे.

प्लॅट (१८६१–१९३३) मूळचे चित्रकार. वास्तुकलेचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेच नव्हते. १८९२ मध्ये धाकट्या भावासह इटलीत जाऊन त्यांनी तेथील जुन्या बागांची छायाचित्रे आणि रेखाटने केली, आणि १८९४ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. घर, बागेतले उंच-सखल टप्पे, पायऱ्या आणि झाडी ही सारी एकाच आराखड्याची अंगे असतात, हे त्यांनी तिथे पारखून घेतले. पुढे क्लीव्हलँडजवळ ‘ग्विन’ हे घर बांधताना त्यांनी ईरी सरोवराकडे तोंड करून अर्धवर्तुळाकार स्तंभयुक्त मंडप (पोर्टिको) काढला आणि काठावरची भिंतही वळणदार ठेवली. शैली जुनी असली तरी जागेचा विचार त्यांचा स्वतःचा होता. नक्कल आणि अभ्यास यांतला फरक मला इथे दिसतो.

मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. प्लॅट यांचा मार्ग आज आपल्याकडे बंद आहे: १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार मान्य पदवी आणि वास्तुकला परिषदेची नोंदणी यांशिवाय स्वतःला वास्तुविशारद म्हणवता येत नाही, म्हणून पाच वर्षांची पदवी तिने पूर्ण करावीच. दुसरे असे की त्यांचे ग्राहक बहुतांशी धनाढ्य होते. आपल्याकडे मुळशी-अलिबाग परिसरात शेतघरे बांधून घेणारी मंडळी आहेत, परंतु नवख्या व्यक्तीला ती सहसा थेट काम देत नाहीत. आरंभीची काही वर्षे एखाद्या कार्यालयात कमी वेतनावर काढावी लागतील. जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम याच अभ्यासावर उभे असल्याने तेही तिने हाताशी ठेवावे.

पदवीनंतर भूदृश्यरचनेतील (लँडस्केप आर्किटेक्चर) पदव्युत्तर शिक्षणासाठी अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर किंवा पुण्याचे भानुबेन नानावटी महाविद्यालय यांचा विचार करावा. झाडांचे ज्ञान ही वेगळी विद्या आहे; प्लॅट यांनीही रोपांची आखणी अनेकदा एलेन शिपमन या उद्यानरचनाकार बाईंकडे सोपवली. सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिने धो-धो पाऊस आणि पुढे कोरडा काळ, तेव्हा इंग्रजी हिरवळीच्या मागे न लागता स्थानिक झाडे तिने आधी ओळखावीत.

या सुट्टीत तिने एखादा जुना वाडा, मालकाची परवानगी घेऊन, स्वतः मोजावा. जोत्याची उंची, पडवीची रुंदी, चौकातले पाणी कोणत्या उताराने बाहेर पडते, दुपारी तीन वाजता सावली कुठवर येते, हे सारे कागदावर उतरवावे. नोकरीसाठी कामांचा संच तयार करताना हीच मोजणीची रेखाटने पहिल्या पानावर लावावीत आणि त्यांवरून सुचलेले स्वतःचे घर त्यांच्या शेजारी.

आपला,
करिअर मार्गदर्शक