वाचकांचे प्रश्न : मोटर थरथरते, पण फिरत नाही

घरी जुळवलेल्या चार पंख्यांच्या ड्रोनविषयी कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रांचा शेवट ‘आता कोणता भाग नवीन घ्यावा?’ या प्रश्नाने होतो. दोष सापडण्याआधी विकत आणलेला भाग बहुधा डब्यातच पडून राहतो, म्हणून आमच्या उत्तरांत खरेदीची यादी कमी आणि तपासणीचा क्रम जास्त आढळेल. एक सूचना मात्र सर्वांना लागू आहे : टेबलावर बॅटरी जोडून काहीही तपासायचे असेल, तर चारही प्रॉपेलर आधी काढून बाजूला ठेवावेत. दहा इंची प्रॉपेलर बोट फाडायला पुरेसा असतो.

प्रश्न : मी पदविकेचा विद्यार्थी असून शिवाजी उद्यमनगरात वडिलांच्या लेथच्या कारखान्यात एका कोपऱ्यात बसून ४५० मिलिमीटरच्या फ्रेमचा ड्रोन जुळवला आहे. २२१२ मापाच्या ९२० केव्हीच्या मोटर, ३० अँपिअरचे ईएससी (मोटरला प्रवाह देऊन तिचा वेग ठरवणारे सर्किट) आणि ३एस (तीन सेलची) बॅटरी आहे. उजवीकडची पुढची मोटर थ्रॉटल दिल्यावर मागेपुढे थरथरते, पण फिरत नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्या आर्मचा ईएससी बदलला, तरी थरथर तशीच आहे. आता मोटर बदलावी का?

उत्तर : अजून नको. ब्रशलेस मोटरला तीन वायरी असतात आणि ईएससी त्या तिन्हींना ठरावीक क्रमाने प्रवाह देऊन बाहेरच्या चुंबकांना गोल ओढत नेतो. तीनपैकी एक वायर तुटली, की पुढे ओढणारी एक पायरीच नाहीशी होते आणि मोटर दोन जागांमध्ये अडकून थरथरत राहते. आपण वर्णन केलेले लक्षण नेमके हेच आहे. ईएससी बदलूनही फरक पडला नाही, म्हणजे संशय जोडाकडे किंवा मोटरकडे जातो. पण जोड आधी तपासावा, कारण तो सुधारायला जवळजवळ खर्च लागत नाही.

मोटरच्या वायरींच्या टोकांना जे सोनेरी बुलेट कनेक्टर असतात, त्यांच्यात सोल्डरचा डाग नीट बसला नसेल, तर बाहेरून जोड चकचकीत दिसतो आणि आत वायर मोकळी असते. २५ वॅटची सोल्डरिंग गन जाड वायरीला पुरत नाही, कारण तांबे उष्णता ओढून घेते आणि सोल्डर वितळून वायरीत मुरण्याऐवजी वर गोळ्यासारखे बसते. त्यासाठी ६० वॅटची गन घ्यावी आणि फ्लक्स लावून वायर व कनेक्टर दोन्ही पुरेसे तापवावेत. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. काही मोटरच्या वायरी म्हणजे वाइंडिंगचीच (मोटरच्या आतल्या वेढ्यांचीच) तार लांबवलेली असते आणि तिच्यावर इनॅमलचा विद्युतरोधक थर असतो. अशी वायर कापून आखूड केली आणि टोक खरवडले नाही, तर तिच्यावर सोल्डर धरत नाही.

मल्टिमीटरने तीन वायरींमधला रोध मोजून आपण कदाचित समाधान मानले असेल. ते समाधान फसवे आहे. या मोटरच्या वाइंडिंगचा रोध ओहमच्या एका लहान अंशाइतकाच असतो आणि साध्या मल्टिमीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रोध त्याहून अधिक भरू शकतो. वायर पूर्ण तुटली असेल तर मीटर ते सांगेल. अर्धवट जळाली असेल किंवा दोन वेढे आपसांत चिकटले असतील, तर सांगणार नाही. त्यापेक्षा हाताची चाचणी चांगली. मोटर ईएससीपासून पूर्ण सोडवावी, तीनपैकी दोन वायरींची टोके एकमेकांना जोडून धरावीत आणि बेल (मोटरचे बाहेरचे फिरणारे कवच) बोटांनी फिरवावी. मोटर स्वतःच जनित्र होत असल्याने बोटांना अडथळा जाणवतो. असे तिन्ही जोड्यांनी करून पाहावे. एका जोडीत अडथळा चांगला असेल आणि उरलेल्या दोन जोड्यांत बेल मोकळी फिरत असेल, तर त्या दोन जोड्यांत सामाईक असलेली वायर तुटलेली आहे. उलट, वायरी मोकळ्या ठेवूनही बेल जड फिरत असेल, तर वेढे आत कुठेतरी आपसांत जोडले गेले आहेत किंवा बेअरिंग गेले आहे.

यानंतरही शंका उरली, तर अदलाबदल करावी. ही मोटर शेजारच्या आर्मच्या ईएससीला जोडावी आणि तिथली चांगली मोटर इकडे आणावी. थरथर मोटरबरोबर गेली तर दोष मोटरचा. जागेवरच राहिली तर ईएससीचा किंवा त्याला मिळणाऱ्या सिग्नलचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदल एकत्र केले आणि ड्रोन सुरू झाला, तरी काय बिघडले होते ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मोटर बसवताना वापरलेले स्क्रूही काढून पाहावेत. लांब स्क्रू तळातून वर येऊन वाइंडिंगला टेकतो, इनॅमल खरवडतो आणि पुढे कधीतरी ईएससी जळतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असल्यास आवाज देणाऱ्या स्थितीत) ठेवून एक प्रोब मोटरच्या कोणत्याही वायरीला आणि दुसरा मोटरच्या धातूच्या अंगाला लावावा. आवाज आला, तर मोटर बाद समजावी.

आपण जागेचा उल्लेख केला ते बरे झाले. मोटरच्या बेलमध्ये निओडिमियमचे प्रबळ चुंबक असतात आणि लेथजवळ उडणारा लोखंडाचा बारीक कीस ते सोडत नाहीत. चुंबक आणि स्टेटर (मोटरचा आतला स्थिर भाग) यांच्यातली फट मिलिमीटरच्याही अंशाइतकीच असल्याने त्यात कण शिरले, की मोटर खरखरते, तापते आणि वाइंडिंगचे इनॅमल सोलून काढते. हवेचा झोत मारून कीस निघत नाही. तो दुसऱ्या चुंबकावर जाऊन बसतो. शाफ्टचे सर्कलिप (बेल धरून ठेवणारी कडी) काढून बेल अलगद ओढून घ्यावी आणि मुलांच्या खेळण्यातल्या मऊ क्लेचा गोळा चुंबकांवर दाबून उचलावा, म्हणजे कीस क्लेला चिकटून येतो. ड्रोनच्या कामासाठी लेथपासून दूरची, झाकता येईल अशी जागा निवडावी. उद्यमनगरात ते सोपे नाही, याची आम्हांला कल्पना आहे.

शेवटी, नवा ईएससी बसवला असल्याने चारही ईएससींचे कॅलिब्रेशन पुन्हा करावे, कारण नव्याची थ्रॉटलची मर्यादा जुन्या तिघांपेक्षा वेगळी असू शकते आणि मग एक मोटर उशिरा सुरू होते. साध्या पीडब्ल्यूएम सिग्नलला हे लागू आहे. डीशॉटसारखा डिजिटल सिग्नल वापरत असाल, तर कॅलिब्रेशनची गरज नसते.

प्रश्न : माझा ड्रोन आर्डूपायलट या सॉफ्टवेअरवर वर्षभर नीट उडत होता. उड्डाण सांभाळणारा बोर्ड (फ्लाइट कंट्रोलर) बदलून बीटाफ्लाइट घातले, वायरी क्रमाने तशाच लावल्या. आता थ्रॉटल देताच ड्रोन जमिनीवरच उलटतो. पीआयडीचे (ड्रोन सावरण्याचा जोर ठरवणारे) आकडे कमी करून पाहिले, उपयोग झाला नाही. (राजारामपुरी)

उत्तर : पीआयडीचे आकडे पूर्ववत करावेत, दोष तिथे नाही. दोन्ही सॉफ्टवेअर चार मोटरना वेगवेगळे क्रमांक देतात. एक्स रचनेत (दोन आर्म पुढे आणि दोन मागे तिरके असताना) आर्डूपायलटची १ क्रमांकाची मोटर पुढे उजवीकडे, २ मागे डावीकडे, ३ पुढे डावीकडे आणि ४ मागे उजवीकडे असते. बीटाफ्लाइटमध्ये मूळ मांडणीत १ मागे उजवीकडे, २ पुढे उजवीकडे, ३ मागे डावीकडे आणि ४ पुढे डावीकडे असते. वायरी ‘क्रमाने तशाच’ लावल्यामुळे आपली एकही मोटर योग्य जागी राहिलेली नाही. एक बाजू खाली गेली, की बोर्ड ती उचलण्यासाठी भलत्याच मोटरचा वेग वाढवतो आणि ड्रोन अधिकच कलंडतो.

फिरण्याची दिशा दोन्हींकडे सारखीच असल्याने मोटरच्या वायरींना हात लावू नये. फक्त सिग्नलच्या वायरी हलवाव्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये क्रम बदलावा. त्यानंतर प्रॉपेलर काढलेल्या स्थितीत संगणकावर एकेक मोटर फिरवून जागा आणि दिशा यांची खात्री करून घ्यावी. बोर्डावरचा बाण पुढे आहे ना आणि ड्रोन हाताने कलता केल्यावर पडद्यावरचे चित्र त्याच बाजूला कलते ना, हेही पाहावे. प्रॉपेलर बसवताना ज्या बाजूवर माप छापलेले असते ती बाजू वर हवी. या तपासणीत प्रॉपेलरशिवाय थोडा थ्रॉटल दिला, की मोटर आपोआप वेग वाढवत जातात, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. ड्रोन हलत नसल्याने बोर्डाची दुरुस्ती पुरी होत नाही आणि तो जोर वाढवत राहतो. तो बिघाड नव्हे.

प्रश्न : एका मित्राकडून विमानाच्या मॉडेलच्या २२१२ मापाच्या, पण १४०० केव्हीच्या मोटर मिळाल्या. ९२० केव्हीच्या मोटरवर चालणारे दहा इंची प्रॉपेलर त्यांना लावले. दोन मिनिटांत मोटरना हात लावता येत नाही. जास्त किलोव्होल्टची मोटर जास्त ताकदवान नसते का? (कसबा बावडा)

उत्तर : केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला बिनभार अवस्थेत मिनिटाला किती फेरे, याचा तो आकडा आहे. पूर्ण भरलेली ३एस बॅटरी १२.६ व्होल्टची असते. त्यावर ९२० केव्हीची मोटर बिनभार सुमारे ११,६०० फेरे आणि १४०० केव्हीची सुमारे १७,६०० फेरे घेऊ पाहते. प्रॉपेलर फिरवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट होताना शक्ती साडेतीन पटींच्या घरात जाते आणि तेवढी त्या मोटरमध्ये नसते. मग ती अपेक्षित वेग गाठू शकत नाही आणि बॅटरीतून ओढलेल्या प्रवाहाचा मोठा भाग उष्णतेत घालवते. या मोटरना आठ इंची प्रॉपेलर लावून पाहावा. वेग तोच धरला, तर व्यास दहावरून आठ केल्याने भार जवळजवळ चाळीस टक्क्यांवर येतो.

तापलेल्या मोटरविषयी निष्काळजी राहू नये. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली शक्ती कायमची गमावू लागतात. अशी मोटर नंतर बिनभार जास्त वेगाने फिरते, त्यामुळे ती सुधारली असा भास होतो. प्रत्यक्षात ती जास्त प्रवाह खाऊन कमी उचलते. बेलला पाच सेकंद बोट टेकवून ठेवता येत नसेल, तर उड्डाण थांबवावे.

प्रश्न : सर्व जोडणी करून बॅटरी लावली, मोठी ठिणगी पडली आणि फ्लाइट कंट्रोलर गेला. नवीन आणला आहे, पण बॅटरी लावायचे धाडस होत नाही. (शाहूपुरी)

उत्तर : धाडस करण्याची गरजच नाही. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्यावा आणि तो बॅटरीच्या लाल वायरीत मधे येईल अशी एक छोटी जोडवायर तयार करावी. आत शॉर्ट असेल, तर सर्व व्होल्टेज बल्बवर येते, तो लख्ख पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या पुढे टिकत नाही. सारे ठीक असेल, तर कॅपॅसिटर भरेपर्यंत बल्ब क्षणभर उजळून विझतो. ४एस बॅटरीसाठी ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब वापरावा. बल्ब मधे असताना मोटर फिरवू नयेत आणि उडवण्यापूर्वी तो काढावा.

त्याआधी मल्टिमीटरने बॅटरीच्या कनेक्टरचे लाल व काळे टोक तपासावे. क्षणभर आवाज येऊन थांबला तर ते कॅपॅसिटर आहेत. आवाज सुरूच राहिला तर शॉर्ट आहे. बॅटरी न लावता प्रत्येक मोटर हाताने फिरवावी. एखादी जड आणि अडखळत फिरली, तर तिला ईएससीपासून सोडवून पुन्हा फिरवावे. मोकळी झाल्यास त्या ईएससीतला मॉसफेट (प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) जळून शॉर्ट झालेला आहे. आपला पहिला कंट्रोलर कशामुळे गेला हे पत्रावरून ठरत नाही, पण चारही ईएससींच्या सिग्नल केबलमधल्या लाल वायरी बोर्डाला जोडल्या होत्या का, हे आठवून पाहावे. ईएससीत स्विचिंग प्रकारचा बीईसी (बोर्डाला ५ व्होल्ट पुरवणारा भाग) असेल, तर असे चार ५ व्होल्टचे पुरवठे एकत्र करू नयेत. एक लाल वायर ठेवून उरलेल्या तीन पिना कनेक्टरमधून काढाव्यात आणि टेप लावून बंद कराव्यात. बोर्डाला स्वतंत्र पॉवर मॉड्यूल असेल, तर चारही काढाव्यात.

प्रश्न : गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत, शेडसमोरच्या मोकळ्या जागेत जीपीएसवर ड्रोन एका जागी थांबवला, की तो वाढत जाणाऱ्या वर्तुळात फिरू लागतो. मोटरमध्ये दोष असेल का?

उत्तर : मोटरचा दोष असता, तर ड्रोन एकाच बाजूला कलला असता. वाढत जाणारे वर्तुळ हे होकायंत्र चुकल्याचे लक्षण आहे. जीपीएस सांगते की ड्रोन पूर्वेला सरकला, होकायंत्र चुकीची दिशा दाखवत असल्याने बोर्ड त्याला पश्चिमेऐवजी भलतीकडे ढकलतो, आणि प्रत्येक दुरुस्ती नवी चूक घडवते. लोखंडी शेड, काँक्रीटमधल्या सळया आणि खाली गाडलेले केबल यांच्या जवळ केलेले कॅलिब्रेशन विश्वासाचे नसते. उघड्या माळावर, खिशातला मोबाइल आणि किल्ल्या दूर ठेवून ते पुन्हा करावे. जीपीएस व होकायंत्राचा भाग दांडीवर उंच बसवावा आणि बॅटरीच्या लाल-काळ्या वायरींना एकमेकींभोवती पीळ द्यावा, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना बरीचशी मारतात. मग प्रॉपेलर काढून थ्रॉटल वाढवावा आणि पडद्यावर दिशेचा आकडा सरकतो का ते पाहावे. प्रॉपेलर नसताना मोटर कमी प्रवाह घेतात, त्यामुळे इथे थोडा जरी फरक दिसला, तरी उड्डाणात तो कितीतरी मोठा असेल.

उजळाईवाडीचा विमानतळ आपल्या वसाहतीच्या अगदी जवळ आहे. तिथे पुन्हा उडवण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या हवाई क्षेत्राच्या नकाशात ती जागा कोणत्या रंगात आहे ते पाहावे. लाल (परवानगीशिवाय उड्डाणाला मनाई असलेल्या) पट्ट्यात असेल, तर कॅलिब्रेशनबरोबर चाचणीचे उड्डाणही विमानतळापासून दूरच्या माळावरच करावे.