रस्सा झणझणीत, मग वाईन कुठली? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वाईन आणि जेवणाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर एवढे आले की सगळे घेणं शक्य नाही. पण एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसली, ती म्हणजे "मटणाला रेड, माशाला व्हाईट" एवढंच सगळ्यांनी पाठ केलंय आणि तिथेच गाडी अडतेय. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न (सातारा): ताई, लग्नाच्या वाढदिवसाला ह्यांनी भारीतली रेड वाईन आणली, कॅबरने आणि शिराज अशी मिक्स होती. मी मटणाचा झणझणीत रस्सा केला. दोन घोटांत तोंड नुसतं पेटलं आणि वाईन कडू लागायला लागली. बाटली खराब निघाली का?

बाटली चांगलीच होती हो, आणि रस्साही चांगलाच झाला असणार, फक्त दोघांचं जमलं नाही. मटणाला रेड हे ज्यांनी ठरवलं त्यांचं मटण म्हणजे मीठ-मिरपूड लावून भाजलेला तुकडा. आपल्याकडे मटण कितीही कोवळं असलं तरी चव असते वाटणाची, भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, मसाला, वर तर्री. त्यामुळे वाईन मटणाला नाही, वाटणाला बघून निवडायची, आणि आज मला सगळ्यांना एवढंच सांगायचंय.

आता तोंड का पेटलं? द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो, रेड वाईन सालीसकट आंबवतात म्हणून त्यात तो भरपूर उतरतो. घरी करून बघा, कोरा चहा चांगला दहा मिनिटं उकळून थंड करा, एक घोट घ्या, जीभ आणि गालाची आतली बाजू कशी खरखरीत होते बघा, ते टॅनिन. मग बोटाच्या टोकावर ठेचा घेऊन चाटा आणि परत तोच चहा प्या. तुरटपणा आणि तिखट दोन्ही एकमेकांना चढवतात. त्यात वाईनमधलं १३-१४ टक्के अल्कोहोल, तेही तिखटाची आग वाढवतंच.

पुढच्या वेळी रस्सा तोच ठेवा आणि थंडगार शेनिन ब्लाँ आणा, ही शेनिन नावाच्या द्राक्षाची व्हाईट वाईन. नाशिकच्या बऱ्याच शेनिनमध्ये किंचित गोडसरपणा ठेवलेला असतो, तो गोडवा आणि गारवा तिखटाला शांत करतो. आणि रेडच प्यायची असेल तर सुक्कं मटण करा, तिखट हात आखडून, कारण चरबी आणि प्रोटीन टॅनिनला धरून ठेवतात आणि तीच वाईन एकदम मऊ लागते.

प्रश्न (रत्नागिरी): सुरमई फ्रायबरोबर व्हाईट चालते हे माहितीये, पण व्हाईटमध्ये पण चार प्रकार दिसतात दुकानात. आणि बांगड्याबरोबर रेड घेतली तर लोखंड चाटल्यासारखं का लागतं?

लोखंड म्हणालात ते अगदी बरोबर पकडलंत! रेड वाईनमध्ये थोडंसं लोह असतं आणि बांगड्यासारख्या तेलकट माशाच्या तेलाशी त्याचं जुळत नाही, त्यातूनच तो धातूसारखा, उग्र वास येतो. तारली, बांगडा असेल तर रेड नकोच.

रवा लावून तळलेली सुरमई, बोंबील, वर लिंबू पिळलेलं, याला सोव्हिन्यों ब्लाँ. ती चांगली आंबट असते आणि आंबटपणा तेल कापतो, आपण भज्यावर लिंबू पिळतो तेच काम. पण एक लक्षात ठेवा, वाईन पदार्थापेक्षा कमी आंबट असेल तर ती पाणी घातल्यासारखी मिळमिळीत लागते. म्हणून कोकम घातलेल्या नारळाच्या आमटीबरोबर तर मी वाईन काढतच नाही, तिथे सोलकढीचा मान सोलकढीलाच द्यावा. वाईन आधी, तुकडीबरोबर.

प्रश्न (पुणे): आम्ही शाकाहारी. वाईनबद्दल वाचावं तर सगळं चीज आणि मांस. आमच्या ताटाला काही आहे का?

आहे की, आणि खरं तर भरपूर आहे. अडचण शाकाहाराची नाहीच, ताटाची आहे. तिकडे एकेक पदार्थ येतो आणि एकेक वाईन, आपल्या ताटात कोशिंबीर, लोणचं, उसळ, वरणभात, गोड सगळं एकदम, आणि आपण घासागणिक चव बदलतो, त्यात कुठली वाईन टिकणार? लोणच्याने तर भल्याभल्या वाईनचा चोथा होतो. म्हणून माझ्या घरची पद्धत सांगते, जेवणाआधी एकच पदार्थ करायचा आणि त्याच्याबरोबर एक ग्लास, मग बाटली आत ठेवायची आणि पानं घ्यायची.

तो पदार्थ कोथिंबीर वडी असेल तर ब्रूट, म्हणजे गोडवा नसलेली फसफसणारी वाईन घ्या, तळलेलं आणि बुडबुडे यांचं फार सुंदर जमतं, कुरकुरीत वडी, मग थंड घोट, तोंड लगेच स्वच्छ आणि पुढची वडी परत पहिल्यासारखी लागते. थालीपीठ-लोणी असेल तर भाजणीच्या खमंगपणाला रोझे, म्हणजे गुलाबी वाईन. भरलं वांगं, दाण्याचं कूट आणि गोडा मसाला घातलेलं, बेताचं तिखट, याच्याबरोबर हलकी रेड चालते, मला स्वतःला हे फार आवडतं. मिसळ मात्र सोडा, तिच्याबरोबर ताकच.

प्रश्न (नागपूर): रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची म्हणतात, पण आमच्याकडे गरम काढ्यासारखी लागते.

तुमच्याकडे मे महिन्यात रूम कसली, भट्टी! ते रूम टेम्परेचर युरोपातल्या थंड घरांचं, म्हणजे साधारण १६ ते १८ अंश. पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बिनधास्त. गरम झालेल्या वाईनमध्ये अल्कोहोलच नाकात जातं आणि फळाचा वास दबतो. व्हाईट ८-१० अंशाला हवी, म्हणजे दोन-तीन तास फ्रिज. बर्फ घालू नका, पाणचट होते. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये, रेडसुद्धा, तीन-चार दिवसांत संपवा.

प्रश्न (जर्मनी, श्टुटगार्ट): इथे रिझलिंग स्वस्तात मिळते. गणपतीनंतर कोल्हापूरचे मित्र जमतात, तांबडा-पांढरा असतो. कुठली घेऊ?

तुम्ही खरंच नशीबवान आहात. रिझलिंग ही व्हाईट वाईन, तांबड्या रश्श्याला तिच्यासारखी सोबत नाही, पण बाटली बघून घ्या. ट्रोकन लिहिलं असेल तर ती कोरडी, गोडवा नाही. तुम्हाला मोझेल नदीच्या खोऱ्यातली काबिनेट, म्हणजे हलक्या प्रकारातली रिझलिंग हवी, अल्कोहोल ८-९ टक्के असलेली. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, त्याला मधेच थांबवलं की साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल कमी राहतं, म्हणून या बाटल्यांवर टक्के कमी म्हणजे गोडवा जास्त असा अंदाज बांधता येतो. कमी अल्कोहोल, थोडी साखर, भरपूर आंबटपणा, तिखटाला अजून काय पाहिजे! पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध आणि खसखस, तो सौम्य, त्याला ट्रोकनही चालेल.

प्रश्न (ठाणे): रोज एक ग्लास रेड तब्येतीला चांगली असते ना?

औषध म्हणून अजिबात सुरू करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, आणि त्यात वाईनही आली. जे घेत नाहीत त्यांनी न घेणंच चांगलं, आणि घरी आलेल्या पाहुण्याला आग्रह तर मुळीच नको.

प्रश्न (नाशिक): पुरणपोळीबरोबर काही चालेल का, की उगीच हट्ट?

हट्ट नाही, पण नेहमीची कोरडी वाईन घेतलीत तर ती चिंचेच्या पाण्यासारखी आंबट लागेल, कारण गोडाबरोबर वाईन पदार्थापेक्षा गोड असावी लागते. तुमच्या गावातच लेट हार्वेस्ट शेनिन मिळते, द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढू देतात त्याची, बऱ्याचदा ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीत येते. पोळी मात्र नुसत्या तुपाबरोबर घ्या, कटाची आमटी नंतर. जायफळाचा वास आणि त्या वाईनमधला मधासारखा वास एकमेकांत असे मिसळतात की तुम्ही मला परत पत्र लिहाल. आणि पुरण कमी गोड करत असाल, आमच्याकडे करतात तसं, तर अजूनच छान जमेल.