ब्रेकच्या दिवसांत येणारे मेसेज

प्रिय मित्रा,

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत कंपनीने ब्रेक दिला, म्हणजे कंत्राटी कामगारांना काही दिवस घरी बसवलं, की पोरं मोबाइलवर काम शोधू लागतात, आणि फसवणारे याच गिऱ्हाइकाची वाट बघत असतात. तुझाही हप्ता तोंडावर आलाय, म्हणून आताच लिहितोय.

‘घरबसल्या हॉटेलला रेटिंग द्या’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, मग टेलिग्रामच्या ग्रुपवर नेतात. पहिल्या दोन-तीन कामांचे दीडशे-दोनशे रुपये खरंच खात्यात पडतात. इथेच भलेभले फसतात, कारण आधी पैसे देणारा लुबाडेल असं कुणाला वाटतच नाही. पुढे ‘प्रीपेड टास्क’: हजार भरा, तेराशे घ्या. तेही मिळतात. मग पाच हजार, वीस हजार. त्यांच्या साइटवर तुझ्या नावापुढे रक्कम फुगत जाते, पण खरा पैसा तोवर दोन-चार खात्यांतून पुढे सरकलेला असतो. काढायला गेलास की ‘तुमची स्टेप चुकली, आधी टॅक्स भरा’. अरे, टॅक्स कापायचाच तर मिळणाऱ्या रकमेतून कापतील ना! ग्रुपमध्ये ‘मला मिळाले’ म्हणत स्क्रीनशॉट टाकणारेही बहुतेक त्यांचेच.

नोकरीआधी रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं, तर विषय संपला. ऑफर लेटरवर अंबडचा पत्ता असेल तर थेट गेटवर जाऊन विचार. बसचं तिकीट त्यापेक्षा स्वस्त पडतं. कर्जाचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी मागत असेल तर काढून टाक. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ते बसत नाही, आणि वसुलीला तेच फोटो नातेवाइकांना पाठवतात. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही.

मला जास्त धास्ती वेगळ्याच गोष्टीची आहे. ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, दहा हजार मिळतील’ असं एखादा ओळखीचाच म्हणेल. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम मागेल. त्या खात्यात दुसऱ्या फसलेल्यांचे पैसे येतात. पोलिस माग काढतात तेव्हा पहिलं नाव तुझं निघतं, सूत्रधाराचं नाही. खातं गोठतं, त्यातला तुझा पगारही अडकतो. पुढे कंपनीने पोलिस व्हेरिफिकेशन मागितलं की तिथेही तेच आडवं येतं.

पैसे गेलेच तर लाजत बसू नकोस, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन कर. पैसा एखाद्या खात्यात शिल्लक असेल तोवरच रोखता येतो. यूपीआयच्या हिस्टरीतला बारा अंकी यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक), वेळ, रक्कम आणि समोरचा आयडी हाताशी ठेव. तक्रारीचा नंबर लिहून घे, बँकेलाही कळव. चॅट डिलीट करू नकोस, रागाने ग्रुपही सोडू नकोस. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ.

त्यानंतर काही दिवसांनी ‘तुमचे पैसे सोडवून देतो, फक्त फाइल चार्ज भरा’ असा फोन येऊ शकतो. बोलणारा स्वतःला सायबर सेलचा म्हणवेल, तुझी रक्कमही बरोबर सांगेल. ती त्याला ठाऊक असते, कारण फसलेल्यांच्या याद्या हेच लोक एकमेकांना विकतात. त्याचा नंबरही तक्रारीत जोडून टाक.

कळावे.