आधी खाचेवर चिकटपट्टी, मग कॉपी

प्रश्न : माझे वडील गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या माघारी माळ्यावर बीबीसी मायक्रो हा जुना संगणक, एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि सव्वापाच इंची अकरा फ्लॉप्या निघाल्या. लेबलांवर त्यांच्या अक्षरात 'आठवी अपूर्णांक', 'नववी भूमिती' असं आहे. एकीवर काहीच नाही. ड्राइव्ह एकच असताना यांच्या प्रती निघतील का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : निघतील, ताई. पण मशिनचा प्लग इतक्यात लावू नका. इतक्या जुन्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कॅपॅसिटर फुटून धूर होतो, ते जाणकाराकडून आधी बदलून घ्या. तोवर एकेक फ्लॉपी उजेडात धरा आणि मधलं चक्र बोटानं हळूहळू फिरवत लांबट खिडकीतून बघा. आपल्या पावसाळ्यात माळ्यावरच्या वस्तूंना बुरशी धरते. पांढुरके ठिपके दिसले तर ती फ्लॉपी बाजूला ठेवा. ती घाण ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडते.

मग फ्लॉपीच्या कडेची चौकोनी खाच शोधा. अकराही फ्लॉप्यांच्या खाचा जाड, आरपार न दिसणाऱ्या चिकटपट्टीनं बंद करा. साडेतीन इंचीत भोक उघडं असलं की लिहिता येत नाही, इथे खाच झाकली की येत नाही. पुष्कळांचा इथेच घोळ होतो.

मी हे केलं नव्हतं. १९८९ साली पंचवटीतल्या घरी दोन सारख्याच काळ्या फ्लॉप्या घेऊन बसलो होतो. मशिननं मूळ फ्लॉपी मागितली तेव्हा कोरी घातली आणि कोरी मागितली तेव्हा मूळ. भरलेल्या फ्लॉपीवर कोरी फ्लॉपी उतरली. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी त्यात इंग्रजी अक्षरांत टाइप करून ठेवल्या होत्या. आई तोवर गेली होती.

कोऱ्या फ्लॉप्या डबल डेन्सिटीच्याच घ्या, १.२ एमबीच्या हाय डेन्सिटीवर या ड्राइव्हनं लिहिलेलं भरवशाचं नसतं. मूळ जितक्या ट्रॅकची (ट्रॅक म्हणजे माहिती लिहायची गोल वर्तुळं), ४० किंवा ८०, तितक्यावरच फॉरमॅट करा. मग मोड ७ मध्ये या (मोड म्हणजे स्क्रीनवर दाखवायची पद्धत). कॉपी होताना मजकूर मशिनच्या मेमरीत थांबत थांबत जातो आणि मॉडेल बीची मेमरी अवघी ३२ केबी. मोड ७चा स्क्रीन त्यातली १ केबी घेतो, मोड ०चा २०. म्हणून १०० केबीच्या फ्लॉपीला मोड ७ मध्ये चार-पाच फेऱ्या पुरतात, मोड ० मध्ये पंधराच्या वर जातात. प्रत्येक फेरीत फ्लॉपी दोनदा बदलायची, तेव्हा हा फरक हाताला जाणवतो.

अख्खी फ्लॉपी हवी तर 'स्टार एनेबल' आणि लगेच 'स्टार बॅकअप ० ०' टाइप करा. एकच फाइल हवी तर 'स्टार कॉपी ० ०' आणि पुढे तिचं नाव. ('स्टार' म्हणजे * हे चिन्ह, '० ०' म्हणजे मूळ आणि प्रत दोन्हींना तीच ड्राइव्ह.) मेमरीत प्रोग्राम असेल तर आधी सेव्ह करा, कॉपी करताना तो पुसला जातो. कोऱ्या फ्लॉपीवर आधीच ठळक 'प्रत' लिहून ठेवा.

सुरुवात त्या बिनलेबलच्या फ्लॉपीपासून करा. 'स्टार कॅट'नं प्रतीची यादी बघा, एखादा प्रोग्राम चालवून बघा. हात बसला की मग 'अपूर्णांक' घ्या.