नव्या पीआयडी कंट्रोलरच्या आउटपुट मेनूत काय भरायचं? कॉन्टॅक्टर सारखा खटखटतोय, तापमान ठरत नाही

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की तेल तापवण्याच्या टाकीवरचा जुना कंट्रोलर गेला, त्याच्या जागी नवा पीआयडी कंट्रोलर (मोजलेलं तापमान आणि हवं ते तापमान यांतला फरक बघून हीटरची वीज कमी-जास्त करणारं यंत्र) बसवला आणि तेव्हापासून हीटरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे हीटरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, सारखा खटखटतोय. सेट पॉइंट १८० अंशांचा, पण तापमान दहा-बारा अंश वर जातं आणि मग खाली घसरतं. ऑटोट्यून (कंट्रोलरने स्वतःच पीआयडीचे आकडे शोधणं) दोनदा लावून झालं, काही फरक नाही. आउटपुटच्या मेनूत टाइप, ॲक्शन, सायकल टाइम, लिमिट, एरर आउटपुट अशा ओळी आहेत; त्यांत काय भरायचं आणि कशापासून सुरुवात करायची, हा तुमचा प्रश्न.

सुरुवात सायकल टाइमपासून करा, आणि आजच करा, कारण तोवर कॉन्टॅक्टरचं आयुष्य जळतंय.

पीआयडीचं गणित आउटपुट टक्क्यांत काढतं. समजा ४० टक्के आलं. पण रिले, म्हणजे कॉन्टॅक्टर चालवणारा कंट्रोलरमधला छोटा स्विच, ४० टक्के चालू होत नाही. तो एक तर जोडलेला असतो, नाही तर सुटलेला. म्हणून कंट्रोलर वेळेचे तुकडे पाडतो. सायकल टाइम २० सेकंद असेल, तर ८ सेकंद चालू आणि १२ सेकंद बंद. २ सेकंद असेल, तर ०.८ सेकंद चालू आणि १.२ सेकंद बंद. हीटरला सरासरी वीज तेवढीच मिळते, कॉन्टॅक्टरला मात्र दहापट मार बसतो. बरेच कंट्रोलर एसएसआरला (सॉलिड स्टेट रिले, हलते संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) साजेसा एक-दोन सेकंदांचा आकडा घेऊनच खोक्यातून बाहेर येतात. तुमच्याकडे तोच तसाच राहिला असावा.

हिशोब करून बघा. २ सेकंदांची सायकल म्हणजे तासाला १,८०० वेळा जोड-तोड, दिवसाला ४३,२००. कंट्रोलरमधल्या छोट्या रिलेचं आयुष्य पूर्ण भारावर १ लाख वेळा, असं माहितीपत्रकांत सर्रास दिलेलं असतं. म्हणजे अडीच दिवससुद्धा नाही. कॉन्टॅक्टरची कॉइल हा हलका भार, त्यामुळे रिले त्याहून जास्त टिकेल. पण कॉन्टॅक्टर स्वतः हीटरचा पूर्ण करंट तोडतोय. त्याचे संपर्क जळत जातात आणि एक दिवस चिकटतात. चिकटलेला कॉन्टॅक्टर म्हणजे कायम चालू हीटर. तेव्हा कंट्रोलर शून्य टक्के दाखवत असतो आणि तेल तापतच असतं.

तेलाची टाकी संथ असते. २० सेकंदांनी सुरू करा, ३० केले तरी बहुधा चालेल. फार मोठा झाला का, हे ओळखायची सोपी खूण आहे: कॉन्टॅक्टरच्या तालावर पीव्ही (कंट्रोलरला दिसणारं प्रत्यक्ष तापमान) वरखाली डुलायला लागलं, तर सायकल लांब झाली, थोडी कमी करा. पीव्हीला कॉन्टॅक्टरची चाहूलही लागत नसेल, तर अजून वाढवायला जागा आहे. तुमच्या मेनूत किमान चालू वेळ अशी ओळ असेल, तर तिथे एखादा सेकंद भरा, म्हणजे एक-दोन टक्क्यांवर कॉन्टॅक्टर नुसताच फडफडणार नाही.

पॅनेल उघडलंच आहे तर आणखी एक बघा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (कॉइल सुटताना येणारा व्होल्टेजचा झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) आहे का? नसेल तर लावा, आणि तो कॉइलच्या दोन टोकांवर लावा, रिलेच्या संपर्कांवर नको. संपर्कांवर लावलेल्या स्नबरमधून रिले सुटल्यावरही थोडा करंट वाहत राहतो, आणि लहान कॉन्टॅक्टर कधी कधी तेवढ्यावर धरून बसतो, सुटतच नाही. हा दोष शोधण्यात माझा एक अख्खा दिवस गेलेला आहे.

आउटपुट टाइपबद्दल तुमच्यापुरतं थोडक्यात: कॉन्टॅक्टर आहे तोवर रिले. पुढे एसएसआर बसवायचा विचार असेल, तर आधी कंट्रोलरच्या लेबलवरचा मॉडेल नंबर वाचा. एसएसआरला रिलेचे कोरडे संपर्क लागत नाहीत, त्याला डीसी व्होल्टेज लागतं. ते देणारं आउटपुट कंट्रोलरमध्ये मुळात असावं लागतं. मेनूत नाव बदलून रिलेतून व्होल्टेज येत नाही. एसएसआर आल्यावर सायकल १-२ सेकंदांवर आणा, तिथे तो आकडा योग्य आहे. हीट सिंक मात्र मनापासून निवडा. एसएसआरवर १ ते १.५ व्होल्ट पडतो, म्हणजे २५ अँपिअरला एका फेजमागे २५ ते ३७ वॉट उष्णता बंद पॅनेलमध्ये. आणि एसएसआर मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, म्हणून आत्ताचा कॉन्टॅक्टर काढून टाकू नका. तो एसएसआरच्या आधी राहू द्या, स्वतंत्र ओव्हर टेम्परेचर युनिटच्या (तापमान हद्दीबाहेर गेलं की हीटर तोडणाऱ्या यंत्राच्या) ताब्यात.

कोणी तुम्हाला ४ ते २० मिलिअँपिअरवर चालणारा थायरिस्टर (सिग्नलप्रमाणे हीटरची वीज कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) सुचवला, तर दोन्ही बाजूंची रेंज एकच आहे ना, हे डोळ्यांनी बघा. कंट्रोलर ० ते २० वर आणि थायरिस्टर ४ ते २० वर असेल, तर कंट्रोलरचे ५० टक्के म्हणजे १० मिलिअँपिअर, आणि थायरिस्टर ते ३७.५ टक्के समजतो. हीटर सुस्त वाटतो, एवढंच. उलट झालं तर धोका आहे: कंट्रोलर ४ ते २० वर, थायरिस्टर ० ते २० वर. मग कंट्रोलर शून्य टक्के म्हणतो तेव्हाही तारेत ४ मिलिअँपिअर असतात, आणि थायरिस्टर इमानदारीत २० टक्के वीज सोडत राहतो. सेट पॉइंट कितीही खाली आणा, टाकी थंड होत नाही, आणि माणसं पीआयडीचे आकडे बदलत बसतात.

ॲक्शन. हीटरला रिव्हर्स. नाव ऐकून काहीतरी उलटं भरतोय असं वाटतं, पण अर्थ साधा आहे: पीव्ही वाढलं की आउटपुट कमी. डायरेक्ट म्हणजे पीव्ही वाढलं की आउटपुटही वाढतं, ते कूलिंगसाठी. तुमची टाकी सेट पॉइंटच्या आसपास येऊन डुलते, म्हणजे ॲक्शन बरोबरच आहे, नाहीतर तापमान एका बाजूला सुटलं असतं. फक्त एक तपासा. काही कंट्रोलरमध्ये ॲक्शनशिवाय आउटपुट इन्व्हर्ट अशी वेगळी ओळ असते. दोन्ही चुकून उलट झाली, तर ऑटोमध्ये एकमेकांना खोडतात आणि सगळं सुरळीत दिसतं. मॅन्युअलमध्ये मात्र पडद्यावर ० असताना हीटर पूर्ण चालू. इन्व्हर्ट बंदच असलेलं बरं.

आता लिमिट. तापमान वर उसळण्याचं उत्तर मला इथे दिसतं, निदान अर्धं तरी. टाकी १८० वर स्थिर राहायला किती टक्के लागतात, ते आधी शोधा. मॅन्युअलला टाका, २० टक्के द्या, तासभर बघा, मग पाच-पाच टक्क्यांनी वरखाली करा. या वेळात टाकीपासून हलू नका. समजा २० टक्क्यांत टाकी १८० धरते. म्हणजे तुमचा हीटर गरजेच्या पाचपट आहे. तापवताना तो लवकर पोचवतो, पण थर्मोकपलला, म्हणजे तापमानाच्या सेन्सरला, खबर लागेपर्यंत हीटरच्या धातूत आणि भोवतालच्या तेलात इतकी उष्णता साठलेली असते, की आउटपुट शून्य केलं तरी तापमान चढत राहतं. वरची मर्यादा ६० टक्क्यांवर आणून बघा. गार तेलावरून सुरू करताना वेळ जास्त लागेल, तो परवडतोय का हे तुम्हीच ठरवायचं. मर्यादा इतकीही खाली नको, की मोठ्या प्रमाणात नवं गार तेल आल्यावर टाकी पोचणारच नाही.

ही मर्यादा कंट्रोलरच्या मेनूतच घाला. मी असंही पाहिलंय की हीटरची एक बँक हाताने बंद ठेवली जाते, म्हणजे झाली पॉवर कमी. किंवा ओव्हर टेम्परेचर युनिट, नाहीतर पंपाचा इंटरलॉक (पंप बंद पडला की हीटर बंद करणारी जोडणी) बाहेरच्या बाहेर कॉन्टॅक्टर तोडतो. त्यातलं काहीही कंट्रोलरला कळत नाही. त्याला फक्त एवढंच दिसतं, की मी वीज मागतोय आणि तापमान येत नाही. मग इंटिग्रल (पीआयडीतला आय, म्हणजे आधीच्या फरकांची बेरीज) साठत जातं, आणि वीज परत आली की साठलेलं सगळं एकदम बाहेर पडतं. मेनूतली मर्यादा कंट्रोलरला माहीत असते. तिथे पोचल्यावर बहुतेक कंट्रोलर इंटिग्रल थांबवतात. तुमच्याकडे पंपाचा इंटरलॉक असेल आणि कंट्रोलरला डिजिटल इनपुट असेल, तर इंटरलॉक सुटल्यावर कंट्रोलर स्टँडबायला जाईल अशी जोडणी करा. हीटर तोडणारा इंटरलॉक अर्थात तसाच राहू द्या. त्याची खबर कंट्रोलरलाही जाऊ दे, एवढंच. पंप बंद-चालू झाल्यानंतरच उसळी जास्त येते का, हे नोंदवहीत बघा.

ऑटोट्यूनने फरक पडला नाही, त्याचं कारणही इथेच आहे. बऱ्याच कंट्रोलरमधलं ऑटोट्यून ऑस्ट्रॉम आणि हेग्लुंड या स्वीडिश संशोधकांनी १९८४ साली मांडलेल्या रिले पद्धतीच्या वाटेने जातं. आउटपुट वरच्या आणि खालच्या टोकाला आलटून पालटून नेतं, तापमान किती डुललं आणि किती वेळात डुललं ते मोजतं, आणि त्यावरून पी, आय, डी काढतं. म्हणजे आउटपुट जसं सेट केलंय तशा टाकीची ती ओळख असते. नंतर मर्यादा बदललीत तर ती ओळख शिळी झाली. म्हणून आउटपुटचं सगळं आधी, ऑटोट्यून अगदी शेवटी, आणि तेही टाकीत रोजच्याइतकं तेल आणि पंप चालू असताना.

राहिली एरर आउटपुटची ओळ. तुम्ही ती सगळ्यात शेवटी लिहिली आहे, पण माझ्या मते या मेनूतली ती सगळ्यात महत्त्वाची आहे. सेन्सर तुटला, कंट्रोलरला काही दिसेनासं झालं, तर आउटपुटने काय करायचं? हीटरला ०, दुसरं उत्तर नाही. काही कंट्रोलर इथे शेवटचं आउटपुट तसंच धरून ठेवण्याचा पर्याय देतात. तो तुमच्या टाकीसाठी घेऊ नका. एरर आउटपुटऐवजी बर्नआउट अशी ओळ असेल, तर अपस्केल निवडा: थर्मोकपल तुटलं की कंट्रोलरला तापमान खूप वर गेल्यासारखं दिसतं आणि तो हीटर सोडतो.

पण एवढ्यावर थांबू नका, हे मी एका रात्रपाळीत शिकलो. अशीच तेलाची टाकी होती. पडद्यावर पीव्ही ३१, आउटपुट १००. पाळी बदलताना कोणीतरी म्हणालं, टाकी गार आहे, तापायला वेळ लागेल. मी झाकणाकडे हात नेला तर फूटभर अंतरावरून धग लागली. थर्मोकपलचा नट ढिला होऊन ते थर्मोवेलमधून (सेन्सर ज्यात बसतो त्या तेलात बुडलेल्या नळीतून) बाहेर सरकलं होतं आणि हवेत लोंबत होतं. तार कुठेही तुटलेली नव्हती, त्यामुळे सेन्सर ब्रेकचा अलार्म येण्याचा प्रश्नच नव्हता. कंट्रोलर त्याला दिसत असलेल्या हवेचं तापमान प्रामाणिकपणे दाखवत होता आणि पूर्ण ताकदीने ती हवा तापवायचा प्रयत्न करत होता. मुख्य स्विच पाडला, तेव्हा तेलातून धूर निघायला लागला होता. केबल मध्येच शॉर्ट झाली तरी हेच होतं: थर्मोकपलच्या टोकाऐवजी शॉर्टच्या जागेचं तापमान दिसतं, आणि ते दिसायला अगदी खरं वाटतं.

याला दोनच उपाय मला माहीत आहेत, आणि दोन्ही हवेत. एक, लूप ब्रेक अलार्म चालू करा: आउटपुट वरच्या मर्यादेला अडकून ठरावीक वेळ गेला आणि पीव्ही ठरावीक अंशांनीही हललं नाही, तर अलार्म येतो. तुमची टाकी पूर्ण आउटपुटवर दहा मिनिटांत किती अंश चढते ते मोजा आणि त्याच्या निम्मा आकडा भरा. दोन, वेगळा सेन्सर असलेलं वेगळं ओव्हर टेम्परेचर युनिट, वेगळ्या कॉन्टॅक्टरवर, हाताने रिसेट करावं लागेल असं. त्याचा सेन्सर पहिल्याच थर्मोवेलमध्ये कोंबू नका.

वीज जाऊन आल्यावर कंट्रोलर कोणत्या मोडमध्ये उठतो, ती ओळही याच भागात कुठेतरी सापडेल. मॅन्युअल आणि शेवटचं आउटपुट असं असेल तर बदला.

हे सगळं भरून झालं की ऑटोट्यूनच्या आधी एक चाचणी घ्या. टाकी नेहमीसारखी ऑटोवर तापत असू द्या, हीटरच्या एका फेजवर क्लॅम्प मीटर लावा, करंट दिसतोय याची खात्री करा, आणि कंट्रोलरच्या मागून थर्मोकपलची एक तार काढा. बाजूच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट असतात, तेव्हा इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर आणि हातमोजे वापरा, किंवा तार जंक्शन बॉक्सपाशी काढा. मीटर शून्यावर यायला हवा आणि तिथेच राहायला हवा. एक पूर्ण सायकल, म्हणजे निदान २० सेकंद, बघत थांबा. तिन्ही फेजवर बघा, कारण एखादाच संपर्क चिकटलेला असू शकतो. मग तार जागेवर घट्ट करा, पीव्ही पूर्वीच्या आकड्यावर आलं का बघा, आणि ऑटोट्यून लावा.