बाबांची साठी आणि बेलबॉटम

प्रश्न: ताई, बाबांची साठी आहे, थीम ठेवलीय सत्तरचं दशक. गाणी कुठली लावू? भाऊ म्हणतो सरळ डिस्को लाव.

उत्तर: अगं लाव ना, पण आपल्याकडे डिस्कोची खरी लाट आली ती १९८० च्या 'कुर्बानी'नंतर आणि 'डिस्को डान्सर' तर १९८२ चा, म्हणजे बेलबॉटमवाल्यांसाठी जरा पुढचंच झालं. सुरुवात संगीतकार आरडी बर्मनपासून कर, 'कारवाँ' (१९७१), 'यादों की बारात' (१९७३), ही लागली की काका-मामा खुर्चीत बसतच नाहीत. जेवताना मात्र किशोरची संथ गाणी, तीही हळू आवाजात, नाहीतर भाजी वाढा म्हणून ओरडावं लागतं (आमच्याकडे झालंय!). डिस्को केक कापल्यावर, तेव्हा साल कोण बघतंय. रिमिक्स नको हं, बाबा वैतागतील.