पहिल्यांदा शाळेत खगोलशास्त्र शिकवायला जाताय? स्लाइड कमी करा

४५ मिनिटांच्या तासाला १० स्लाइड पुरेत. उरलेला वेळ मुलांच्या हातात वस्तू द्या. बास्केटबॉल म्हणजे पृथ्वी, टेनिसचा चेंडू म्हणजे चंद्र. दोघांमध्ये अंतर किती, ते आधी मुलांनाच ठरवू द्या. मग ७ मीटरची दोरी उलगडा. पृथ्वीचे सुमारे ३० व्यास! हा क्षण घाईत उरकू नका.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे दिसतात, हा गैरसमज नुसतं सांगून जात नाही. खोलीत अंधार करा, एकच उघडा बल्ब लावा आणि प्रत्येकाला पेन्सिलीवर खोचलेला ५ सेंटीमीटरचा थर्माकोलचा गोळा द्या. बल्ब म्हणजे सूर्य, गोळा म्हणजे चंद्र, आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून जागच्या जागी डावीकडे वळत गिरकी घ्यायची. गोळा मात्र डोक्याहून थोडा वर हवा. नाहीतर बल्बकडे पाठ होताच डोक्याची सावली गोळ्यावर पडते, पौर्णिमेऐवजी ग्रहण दिसतं आणि नेमका तोच गैरसमज पक्का होतो.

ऑनलाइन तासासाठी साहित्याची यादी शिक्षकांना आठवडाभर आधी पाठवा. वर्गात बहुधा एकच माइक असतो, मागच्या बाकांवरचं काही ऐकू येत नाही; प्रश्न शिक्षकांनी पुन्हा उच्चारावा, असं आधीच ठरवा. व्हिडिओ अडखळतात, स्थिर चित्रं बरी.

दुर्बिणीतून सूर्य दाखवणार असाल तर सौर फिल्टर पुढच्या तोंडावर घट्ट बसवा, नेत्रिकेपाशी (डोळा लावायच्या भिंगापाशी) कधीच नाही. तिथे तो तापून तडकतो. शोधक दुर्बीण (मुख्य दुर्बिणीवर बसवलेली छोटी दुर्बीण) काढूनच ठेवा.